खेळायला घेतोय म्हणा!

मध्यमवर्गीय मराठी माणसाने खेळण्यासाठी म्हणून आजवर एकही वस्तू विकत घेतलेली नाही. कॅरम आणला तो मुलांची नजर स्थिर व्हावी म्हणून, बुद्धिबळाचा पट आणला तो गणित सुधारावे म्हणून, आणि सायकल आणली ती क्लासला जाण्यासाठी. टीव्ही बातम्यांसाठी आला, हे तर सर्वश्रुतच आहे. आमच्या चाळीत एका गृहस्थांनी पत्त्यांचा जोड आणला, तेव्हा "प्रवासात वेळ जात नाही हो" असे ते आपण होऊन चार बिऱ्हाडांत सांगून आले होते. ते प्रवासाला गेल्याचे कोणाच्या ऐकिवात नव्हते. या थोर परंपरेला अनुसरून पुढे घरोघरी कॉम्प्युटर आला, तो अर्थातच अभ्यासासाठी.

माझे भांडण आहे ते या 'अभ्यासासाठी'शी. थाप मारू नये असले काही मला सुचवायचे नाही. थापांवाचून संसार चालत असता, तर लग्नपत्रिकेत 'आपली उपस्थिती हाच आहेर' असे कशाला छापले असते? माझा आक्षेप निव्वळ हिशेबाचा आहे. कॉम्प्युटर अभ्यासासाठी आहे असे एकदा जाहीर केले, की तो अभ्यासासाठीच निवडावा लागतो. आणि अभ्यासासाठी निवडलेल्या कॉम्प्युटरवर गेम धड चालत नाही. मग पाऊण लाख रुपये खर्चून घरात अशी एक वस्तू येते, की जिच्यावर कोणाला अभ्यास करायचा नसतो आणि कोणाला खेळता येत नाही.

आमच्या कन्येने मात्र दहावीची परीक्षा आटोपल्यावर, २०२५च्या मे महिन्यात, जेवता जेवता सरळ सांगितले, "बाबा, मला गेम खेळायला कॉम्प्युटर हवाय."

"अभ्यासासाठी म्हण गं. बरं दिसतं," तिची आई आमटी वाढता वाढता म्हणाली.

"अभ्यासाला जुना लॅपटॉप आहे की. तो पुरतो. हा खेळायलाच हवाय." आणि भाऊबिजेची, वाढदिवसांची, आजीने पदराआडून दिलेली अशी पाकिटे साठवून जमवलेले बावीस हजार रुपये तिने माझ्यासमोर ठेवले. ज्या घरातली माणसे दोन पिढ्या 'सहज इकडून चाललो होतो' असे सांगून उसने मागायला जात आली, त्या घरात इतके सरळ वाक्य पहिल्यांदाच उच्चारले गेले असावे. मी हिशेब केला आणि पडदा धरून नव्वद हजारांपर्यंत जायचे कबूल केले.

बातमी नातेवाइकांत पोचली. आत्या म्हणाली, "मुलीच्या जातीला कशाला रे हे मारामाऱ्यांचे खेळ?" मी तिला सांगितले, की पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० साली 'राजी' नावाचा गेम काढला, त्याची नायिका सर्कशीतली एक पोरगी आहे, तिच्या धाकट्या भावाला असुरांनी पळवले आहे, आणि ती दुर्गेच्या कृपेने मिळालेला त्रिशूळ घेऊन त्याला शोधते आहे. "देवीचं आहे होय? मग असू दे," असे म्हणून आत्याने तो विषय तिथेच मिटवला.

पुरुषमंडळी अशी सहजासहजी मिटणारी नव्हती. त्यांची हरकत मुलीला नव्हती, यादीला होती. मेहुण्यांनी फोनवरून बजावले, "आय-सेव्हनच्या खाली उतरू नका. पुढे इंजिनिअरिंगला लागेल." चुलतभावाने प्रिंटर सुचवला. साडू अँटिव्हायरसवर अडून बसले. एकाने वेबकॅम, एकाने स्पीकर. अशी पाच जणांनी मिळून केलेली यादी मी वाचून पाहिली, तर तीत ग्राफिक्स कार्ड नव्हतेच, आणि अगदी तळाला लिहिले होते, 'मॉनिटर: उरलेल्या पैशांत बसेल तो.'

इथे थोडे समजावून सांगणे भाग आहे. गेम म्हणजे एक नाटक आहे असे धरा. प्रोसेसर हा त्याचा व्यवस्थापक. कोण कुठून आत येणार, गोळी कोणाला लागली, दार उघडे की बंद, हे सगळे तो ठरवतो. ग्राफिक्स कार्ड हा पडदे रंगवणारा. फरक इतकाच, की संगीत नाटकांत राजवाडा, रस्ता आणि जंगल असे तीन पडदे रंगवून दिले की रंगारी वर्षभर मोकळा. इथे त्याला सेकंदाला साठ पडदे रंगवावे लागतात आणि प्रत्येक वेगळा. अभ्यासाच्या कॉम्प्युटरला रंगाऱ्याचे काम जवळजवळ नसतेच. प्रोसेसरच्या पोटातच एक किरकोळ रंगारी बसवलेला असतो, तो पत्रे लिहिण्यापुरता पुरतो. तेव्हा 'अभ्यासासाठी आय-सेव्हन' याचा अर्थ असा, की भरपूर पगाराचे व्यवस्थापक नेमायचे आणि पडदे रंगवायला त्यांच्यापैकीच कोणाचा तरी भाचा घ्यायचा.

आता, पडदे केवढे आणि किती रंगवायचे हे कोण ठरवतो? ते नाट्यगृह ठरवते. म्हणजे मॉनिटर. म्हणून माझे ठाम मत असे आहे, की गेमसाठीच्या कॉम्प्युटरची यादी मॉनिटरपासून सुरू करावी, आणि 'मॉनिटर उरलेल्या पैशांत' असे लिहिणाऱ्याच्या घरी सत्यनारायणाचा प्रसाद उरलेल्या पैशांत वाटला जातो का, हे जाऊन पाहावे.

हिशेब पाहा. साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार २०,७३,६००. हे सगळे सेकंदाला साठ वेळा रंगवायचे म्हणजे १२ कोटी ४४ लाख ठिपके झाले. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख भरली होती. म्हणजे हा रंगारी दर सेकंदाला उभ्या महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाच्या गालाला एकेक बोट रंग लावतो, आणि वर त्याच्याकडे एक कोटी वीस लाख बोटे शिल्लक राहतात. आपण वर्षातून एकदा रंगपंचमी खेळतो आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकतो.

आता कोणी हौसेने फोर-के पडदा घेतला, तर ३८४० गुणिले २१६०. रुंदी दुप्पट, उंची दुप्पट, आणि रंगाऱ्याचे काम चौपट. मधला २५६० बाय १४४० चा पडदा आहे, तो पावणेदोनपटीहून किंचित जास्त काम काढतो. काम वाढले की रंगारी मोठा लागतो, रंगारी मोठा झाला की त्याला वीज जास्त लागते, आणि त्याला हवेशीर बिऱ्हाडही लागते. सगळी यादी अशी पडद्यापासून मागे उलगडत जाते. ती दुसऱ्या टोकापासून लिहिली, तर षण्मुखानंद हॉल आरक्षित केला आणि पेटी भाड्याने आणायला पैसे उरले नाहीत, अशातली गत होते. त्याच्या उलटही होते. लाखभराचे कार्ड आणि पुढे कचेरीतून मोडीत काढलेला पडदा. पेशवाई थाटाची पंगत आणि वाढायला चहाच्या बश्या.

मेहुणे म्हणाले, "मग सत्तावीस इंची घ्या. मोठा तेवढा बरा." पडदा मोठा केला आणि ठिपके तेवढेच ठेवले, तर ते पसरतात. फुल एचडीचे ठिपके चोवीस इंची पडद्यावर इंचाला सुमारे ९२ बसतात, सत्तावीस इंचीवर ८२. तेच पोहे परातीत पसरले म्हणून कोणाचे पोट जास्त भरत नाही. शिवाय आमच्या घरात टेबल आणि भिंत यांच्यामध्ये खुर्ची घालून बसले, की नाकापासून पडदा हातभर अंतरावर येतो. तिथे सत्तावीस इंच म्हणजे सिनेमाची पहिली रांग.

आणि हर्ट्झ? कन्येने १४४ हर्ट्झचा पडदा मागितला तेव्हा मेहुणे हसलेच. "डोळ्याला काय कळतंय! सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांवर चालतो." चालतो, कबूल. पण सिनेमात मान आपल्याला वळवायची नसते, ती कॅमेरामन वळवतो. गेममध्ये माउस आपल्या मुठीत असतो. साठ हर्ट्झच्या पडद्यावर चित्र बदलायला जवळजवळ सतरा मिलिसेकंद लागतात, १४४च्या पडद्यावर सात. हात हलला आणि चित्र मागाहून आले, हे डोळ्याला कळो न कळो, हाताला कळते. ज्याला डोंगरदऱ्यांतून निवांत घोडा दौडवायचा आहे, त्याने जास्त ठिपके घ्यावेत. ज्याला मैत्रिणींबरोबर व्हॅलोरंटमध्ये कोपऱ्याआडून येणाऱ्याला टिपायचे आहे, तिने जास्त हर्ट्झ घ्यावेत. पण सेकंदाला १४४ चित्रे हवी असतील, तर व्यवस्थापकालाही तितक्याच वेळा निर्णय घ्यावे लागतात, तेव्हा तोही अगदीच वेंधळा नको. हे कन्येचे म्हणणे. मी ते मेहुण्यांना ऐकवले, तेव्हा ते प्रिंटरकडे वळले.

पडद्याच्या जातींत मी फार शिरत नाही. आयपीएस बाजूने पाहिला तरी रंग टिकवतो, पण त्याचा काळा राखाडीकडे झुकतो. व्हीएचा काळा चांगला काळा, पण अंधारात काही हलले की मागे काजळ फासल्यासारखे दिसते. ओएलईडीचा काळा म्हणजे अमावास्याच. पण भाव चढा, आणि एकच चित्र फार काळ ठेवले तर त्याचा ठसा उमटून राहण्याची धास्ती. खोक्यावर ठळक छापलेले 'एक मिलिसेकंद' मात्र वधूवर सूचक मंडळातल्या 'गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष' इतकेच मनावर घ्यावे. ते कुठल्या परिस्थितीत मोजले, हे खोके सांगत नाही. त्यापेक्षा पडदा कार्डाचा ताल धरून बदलतो की नाही, ते विचारावे. पूर्वी या तालासाठी कार्डाच्या घराण्याप्रमाणे पडदाही त्याच घराण्याचा घ्यावा लागे. २०१९ पासून एनव्हिडियाच्या कार्डांनीही समोरच्या घराण्याच्या पडद्यांशी जमवून घ्यायला सुरुवात केली. संगीतातल्या घराण्यांना हे कधी जमणार कोण जाणे.

यादी घेऊन आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. हे लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते. रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकरांचे नाव देऊनही किती काळ लोटला, पण ते फक्त पत्त्यावर आहे, तोंडात लॅमिंग्टनच. डोंबिवलीहून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, आणि तिथून चालत.

दुकानदाराने आमचे बजेट विचारले आणि आमच्या यादीकडे न बघता स्वतःची यादी सांगायला सुरुवात केली. "नव्वदमध्ये एकदम कडक मशीन देतो साहेब. प्रोसेसर टॉपचा. कॅबिनेटला काच, पुढे तीन पंखे, मागे एक, सगळे लाइटवाले. रिमोटने कलर बदलतो. आणि एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फ्री."

"फ्री?" कन्येने विचारले. "सगळ्या सामानाला वीज ज्या डब्यातून जाणार, तो फ्री?"

वाचकहो, या एका शब्दावर मला थोडे थांबायचे आहे. एसएमपीएस हा भिंतीतली वीज घेऊन ती प्रत्येक भागाला झेपेल अशी वाटून देणारा डबा. तो दिसत नाही, चमकत नाही, गेम वेगाने पळवत नाही. म्हणूनच तो फुकट देता येतो. आमच्याकडे वीज येते तीही नवऱ्यामुलाच्या मावशीसारखी, कधी रुसून तर कधी अंगात आल्यासारखी. तिच्यासमोर नव्वद हजारांचे सामान फुकटातल्या डब्याच्या भरवशावर उभे करायचे? त्या डब्यावर साडेचारशे वॅट असे छापलेले होते, पण छापायला काय, आमच्या पंख्यावरही 'सायलेंट' छापलेले आहे. आणि '८० प्लस' हे बिरुद पाहून हुरळूनही जाऊ नये. डबा वीज किती कमी वाया घालवतो, एवढेच ते सांगते. बाकी अंगच्या गुणांबद्दल ते मौन पाळते. पदवीचेही तसेच असते. कन्येने नावाजलेला, पाच वर्षांच्या वॉरंटीचा डबा वेगळे पैसे मोजून घेतला, आणि त्यापायी रिमोटने बदलणारे चारी दिवे सोडून दिले. दुकानदाराला दिव्यांचे फार वाईट वाटले. रात्री अंधारात खेळताना मांडीजवळ गणपतीचा मांडव कोणाला हवा असतो, हे मला अजून समजलेले नाही.

पुढची झटापट थोडक्यात सांगतो. तो सोळा जीबी रॅमची एकच पट्टी देत होता, ही आठ-आठच्या दोन मागत होती. एका दारापेक्षा दोन दारांनी पंगत लवकर बसते. तो कार्डाचा आकडा मोठा म्हणून दाखवत होता, ही म्हणाली, "काका, पहिले दोन आकडे पिढीचे, शेवटचे दोन मानाचे." आणि खरेच आहे, २०२०चे ३०७० हे २०२३च्या ४०६० पेक्षा बहुतेक ठिकाणी पुढेच पळते. धाकट्या पातीतला नातू थोरल्या पातीतल्या आजोबांपेक्षा वयाने नवा असतो, मानाने नव्हे. शेवटी त्याने ठेवणीतला पत्ता काढला. "बिल नको असेल तर अठरा टक्के जीएसटी वाचेल." म्हणजे वॉरंटीही वाचेल, त्याची. आम्ही बिल घेतले. नव्वदांतले एकोणतीस हजार रंगाऱ्याला गेले, बारा हजार पडद्याला, आणि व्यवस्थापक मधल्या फळीतला घेतला. "इंजिनिअरिंगला पुरणार नाही," असे मेहुणे म्हणाले. त्यांचे सगळे वाढत्या अंगाचे असते. मला आठवते, आमच्या लहानपणी गणवेशाची अर्धी चड्डी तीन वर्षे पुरावी अशी शिवत. पहिली दोन वर्षे ती हातांनी धरून पळावे लागे आणि तिसऱ्या वर्षी, अंग भरेपर्यंत, ती फाटलेली असे. पाच वर्षांनी लागणारा प्रोसेसर पाच वर्षांनीच घ्यावा; आज त्याची जागा बदलता येईल असा मदरबोर्ड घेतला म्हणजे झाले.

आणखी एक जमात आहे, ती 'थांबा' म्हणणाऱ्यांची. आमच्या कचेरीतले एक स्नेही मला म्हणाले होते, "घाई कशाला? सहा महिने थांबा, भाव उतरतात." ते स्वतः मुलासाठी थांबले. २०२५ सरता सरता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारखान्यांना मेमरी इतकी लागू लागली, की तीच रॅम काही महिन्यांत दुपटीच्या वर गेली. त्याआधी २०२१ साली कार्डांचेही असेच झाले होते. आभासी नाणी खणणाऱ्यांनी ती पळवली आणि मुलांना बघायलाही मिळेनात. स्नेही अजून थांबलेले आहेत. मुलगा आता बारावीला गेला, त्याला आता खरोखरच अभ्यास आहे.

पडद्याचे खोके आम्ही लोकलच्या मालडब्यातून आणले. एका कोळीणबाईंनी आपली पाटी सरकवून त्याला जागा दिली आणि विचारले, "टीव्ही काय ओ?" मी 'अभ्यासासाठी' असे म्हणणार, तेवढ्यात कन्या म्हणाली, "नाही मावशी, गेम खेळायला." "खेळ बाय," मावशी म्हणाल्या. पहिली बिनशर्त मंजुरी ती.

आता खालच्या मजल्यावरच्या साहेबांकडे जाऊ, कारण या सगळ्या भांडणाचे मूळ तिथे आहे. त्यांनी दोन वर्षांपूर्वी चिरंजिवांसाठी सव्वा लाखाचा कॉम्प्युटर घेतला. अभ्यासासाठी, अर्थात. दुकानदाराने भिडेखातर का होईना, त्यात बरे कार्डही घातले होते आणि १६५ हर्ट्झचा पडदाही. मुलगा मात्र हिरमुसलेला. आमच्याकडे येऊन तो एक दिवस पडद्याकडे बघतच राहिला आणि म्हणाला, "तुझा इतका सरसर कसा पळतो? माझा अडकत अडकत चालतो." कन्या त्याच्याकडे गेली. कॉम्प्युटरच्या मागे वाकून तिने पाहिले, तर पडद्याची केबल कार्डाच्या भोकात नव्हतीच. ती वरच्या, मदरबोर्डाच्या भोकात खोचलेली होती. दोन वर्षे लायक रंगारी पगार घेऊन बसून होता आणि सगळे पडदे तो भाचा रंगवत होता. तिने केबल काढून खाली लावली. मग सेटिंगमध्ये जाऊन पाहिले, तर पडदाही साठ हर्ट्झवर. विंडोजला कोणी सांगितल्याशिवाय तो पुष्कळदा साठावरच बसून राहतो. तो तिने १६५वर नेला. सगळे मिळून पाच मिनिटांचे काम.

"अरे, मग दोन वर्षं बोलला का नाहीस?" मी त्या पोराला विचारले.

त्याने दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "काय सांगणार काका? गेम अडकतो म्हणून? घेतलाय तो अभ्यासाला."

एवढ्यात साहेब चहाचा कप घेऊन आत आले. पडद्यावर एक मोटार पाण्यासारखी वळणे घेत चालली होती. त्यांनी क्षणभर ती पाहिली आणि समाधानाने विचारले, "झाला दुरुस्त? आता अभ्यास जोरात होईल ना?"

"हो बाबा," चिरंजीव म्हणाले.